अनुमन्ता आणि मासा

इंफाळकडे बदली झालेल्या मराठी अधिकाऱ्यास पहिल्या दोन महिन्यांतच कोणी ना कोणी मोइरांगला घेऊन जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेने तेथे ध्वज उभारला, ती जागा पाहावयाची; तेथील संग्रहालयातून एक फेरी मारावयाची; आणि परतताना सेंद्राच्या टेकडीवर चढून लोकटाक सरोवर न्याहाळावयाचे, असा हा ठरीव कार्यक्रम असतो. टेकडीवरून दिसणारे दृश्य खरोखरच विलक्षण आहे. पाण्यावर हिरवी वर्तुळे काढलेली असतात. कोणी सरोवरभर बांगड्या मांडून ठेवाव्यात तशी एकाला लागून दुसरे, दुसऱ्याला लागून तिसरे. पाहुणा छायाचित्र घेतो. मग बरोबरचा स्थानिक सहकारी सांगतो की, या वर्तुळांना ‘आथाफुम’ म्हणतात; मासे धरण्यासाठी उभारलेली ती कुंपणे आहेत; आणि सरोवराच्या गाभ्याच्या भागात ती करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

इतका वेळ जो देखावा होता, तो त्या वाक्यासरशी एक प्रकरण होऊन बसतो. आपणां नोकरपेशाच्या माणसांना ही सवयच जडलेली आहे. गुन्हा आहे म्हटले की गुन्हेगार कोण हे आपल्याला लगेच दिसू लागते. आणि येथे तर तो शोधावयासही नको, कारण तो समोरच होडीत उभा असतो. सरोवरातील मासा कमी झाला, कित्येक जाती तर दिसेनाशा झाल्या, ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. तो मासा कोणी कमी केला, हा प्रश्न वरवर पाहता मत्स्यशास्त्राचा आहे. आमच्या मते तो तितकाच नीतिशास्त्राचाही आहे, आणि आपल्यासारख्यांच्या तर तो अगदी दाराशी येऊन ठेपलेला आहे.

प्रथम सरोवराविषयी थोडेसे. ईशान्य भारतातील गोड्या पाण्याचे हे सर्वांत मोठे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ ऋतूप्रमाणे आणि मोजणाराप्रमाणे बदलते. अडीचशे चौरस किलोमीटरांच्या आसपास असे ढोबळपणे म्हणावयास हरकत नाही. एवढ्या विस्ताराच्या मानाने खोली मात्र अगदीच बेताची. सरासरी पावणेतीन मीटर, म्हणजे आपल्या विहिरींच्या भाषेत दीड पुरुष. या पाण्यावर ‘फुमदी’ तरंगतात. कुजलेला पाला, गाळ, गुंतलेली मुळे आणि त्यांवर वाढलेले जिवंत गवत यांचा मिळून झालेला हा थर. त्याचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो, बाकीचा पाण्याखाली असतो. काही ठिकाणी तो इतका जाड असतो की त्यावर माणसे झोपडी बांधून राहतात, आणि सरोवराच्या आग्नेय भागातील केइबुल लामजाओ येथे तर त्यावर हरणे चरतात. सांगाई नावाचे हे हरीण १९५१ साली नामशेष झाले असे मानले गेले होते. १९५३ साली ते पुन्हा आढळले. १९७५ च्या गणतीत अवघी १४ भरली. १९७७ साली त्या भागास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

उथळ सरोवराचे सारे जीवित पाण्याच्या चढउतारावर चालते, हे ध्यानी घेतल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. खोल सरोवरात पाणी हातभर चढले तर काठचा खडक तेवढा भिजतो. उथळ सरोवरात तेच हातभर पाणी कोसभर पसरते. कुरणे, शेते, बांध सारे पाण्याखाली जाते, आणि त्या नव्याने भिजलेल्या गवतात मासा अंडी घालतो. पिलांना तेथे खाद्य मिळते, आडोसा मिळतो, ऊब मिळते. पाणी ओसरू लागले की वाढलेली पिले मूळ पाण्यात परततात आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर माणूस पीक घेतो किंवा गुरे सोडतो. फुमदीचेही असेच. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उतरले की ती तळाला टेकते, तिची मुळे चिखलातून पोषण ओढून घेतात, आणि पावसाळ्यात ती पुन्हा तरंगू लागते. सरोवर वर्षातून एकदा श्वास घेते आणि एकदा सोडते, असे म्हटले तर ती निव्वळ अलंकारिक भाषा होणार नाही.

या श्वासाच्या लयीवर येणारा एक पाहुणा होता. त्याचे नाव पेंगबा. मणिपूर नदी लोकटाकच्या परिसरातून निघून दक्षिणेस ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये उतरते. तिचे पाणी पुढे चिंदविनला आणि चिंदविनचे इरावतीला मिळते. पेंगबा त्या खालच्या नद्यांतून प्रवाहाविरुद्ध चढत सरोवरात प्रजननासाठी येई. त्याच्याच वाटेने न्गातोन, खाबाक असे दुसरेही मासे येत. मैतेई लोकांच्या जिभेवर पेंगबाचे जे स्थान आहे त्याची कल्पना बंगालमध्ये राहिलेल्या वाचकांना हिल्सावरून येईल. तो राज्याचा मासा म्हणूनही घोषित झालेला आहे. आपल्याकडे ज्या दिवशी भाऊबीज असते त्याच तिथीला मणिपुरात ‘निंगोल चाकौबा’ असतो: लग्न झालेल्या मुली माहेरी जेवावयास येतात, आणि त्या जेवणात मासा हवाच. आपल्या ओवाळणीच्या ताटाइतकेच त्या माशाला महत्त्व. त्या दिवसांत इंफाळमध्ये खास मासळीचा बाजार भरतो. तेथे पेंगबा दिसतोही, आणि भावही चढा असतो. फक्त तो सरोवरातला नसतो. तळ्यात वाढविलेला असतो.

१९८३ साली इथाई येथे मणिपूर नदीवर बंधारा पुरा झाला. सरोवराचे पाणी अडवून ते बोगद्यातून डोंगरापलीकडे लैमाटाकच्या खोऱ्यात सोडावयाचे आणि त्यावर १०५ मेगावॅट वीज निर्माण करावयाची, शिवाय काही पाणी उपसून शेतीला द्यावयाचे, अशी ही योजना. योजना चुकीची होती असे एका वाक्यात सांगून मोकळे होण्याचा मोह आम्ही टाळू इच्छितो. ज्या प्रदेशात कंदिलावर अभ्यास करणारी मुले होती त्या प्रदेशाला विजेचा दिवा नको होता, असे म्हणण्याचा अधिकार विजेच्या दिव्याखाली लिहिणाऱ्यास नाही. तथापि बंधाऱ्याने काय केले हेही सरळ सांगितले पाहिजे. त्याने सरोवराचा श्वास रोखून धरला. पाणी वर्षभर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६८ मीटरांच्या पातळीवर राखले जाऊ लागले. काठची हजारो हेक्टर जमीन, जी पूर्वी उन्हाळ्यात उघडी पडे, ती कायमची बुडाली. फुमदी तळाला टेकेनाशी झाली. आणि चिंदविनकडून येणाऱ्या माशाची वाट बंद झाली. वन्य स्थितीतील पेंगबा मणिपुरातून नाहीसा झाला असे मत्स्यशास्त्रज्ञ आज मानतात.

ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्यापैकी पुष्कळांना मासेमारीवाचून दुसरा मार्ग उरला नाही. म्हणजे मासे कमी होऊ लागले त्याच काळात मासे धरणारे वाढले. आथाफुम पसरले ते या परिस्थितीत. फुमदीच्या लांब पट्ट्या कापून त्यांचे गोल कुंपण करावयाचे, आत पाणवनस्पती वाढू द्यावयाची, मासा खाद्यासाठी आणि आडोशासाठी आत शिरला की बाहेरून जाळे वेढावयाचे आणि वनस्पती उपसत उपसत वर्तुळ आवळीत न्यावयाचे: ही पद्धत कष्टाची आहे, तिला बरेच हात लागतात, आणि एकदा साधली की चांगले उत्पन्न देते. पाठोपाठ बारीक आसाची नायलॉनची जाळीही आली. इंफाळ शहराची घाण नंबुल नदीवाटे सरोवरात उतरत होतीच. १९९० साली रामसर करारान्वये सरोवरास आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले, आणि तीनच वर्षांनी, १९९३ साली, त्याच कराराखालील संकटग्रस्त पाणथळींच्या यादीत त्याचे नाव गेले. २००६ साली मणिपूरच्या विधानसभेने सरोवराच्या संरक्षणाचा कायदा केला; सुमारे ७० चौरस किलोमीटरांचा गाभा ठरविण्यात आला, आणि त्या गाभ्यात आथाफुम करणे व फुमदीवर झोपडी बांधणे निषिद्ध ठरले. नोव्हेंबर २०११ मध्ये तरंगत्या झोपड्यांपैकी शेकडो झोपड्या सरकारी यंत्रणेने जाळून टाकल्या.

येथे आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. एकाच सरोवराला दोन हात लागले. एक हात जाळ्याचा; तो रोज पाण्यात जातो आणि रोज थोडे मासे उचलतो. दुसरा हात मंजुरीचा; तो पाण्यात कधीच गेला नाही. पहिल्याने मासे घेतले. दुसऱ्याने मासे येण्याचेच बंद केले. पहिल्याचे घर जळाले. दुसऱ्याचे काय झाले? बहुधा त्याची यथाकाल बढती झाली असेल, मग निवृत्ती. आणि इथाईचा मासा आपल्या सहीने अडला आहे हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. तो दुष्ट होता असे आम्ही सूचितही करीत नाही. तो आपल्यातलाच होता, एवढेच.

सामान्य नीतिबुद्धी हाताच्या जवळिकेवरून अपराध मोजते. ज्याच्या मुठीत मासा तडफडला तो मारणारा. ज्याच्या लेखणीने नदी अडली तो नियोजन करणारा. १८९७ सालचा मत्स्यविषयक कायदा पाण्यात सुरुंग उडविणाऱ्यास आणि विष कालविणाऱ्यास शिक्षा सांगतो. ते योग्यच आहे. सुरुंग हातात दिसतो. पाण्याची पातळी मात्र कोणाच्या हातात दिसत नाही.

याबाबतीत आपले जुने शास्त्रकार अधिक तीक्ष्ण दृष्टीचे होते असे आम्हांस वाटते. मनुस्मृतीतील पुष्कळ वचने आज आपण मानीत नाही, आणि न मानण्यातच शहाणपण आहे. पण पाचव्या अध्यायात, मांसासाठी होणाऱ्या हिंसेच्या संदर्भात, घातक कोणाकोणास म्हणावे याची एक यादी येते, ती मोठी विचार करण्यासारखी आहे. अवयव कापणारा, मारणारा, विकत घेणारा आणि विकणारा, शिजविणारा, वाढणारा, खाणारा, हे सर्व तीत आहेत. पण या सर्वांच्या आधी, यादीच्या अगदी शिरोभागी, एक जण बसलेला आहे: अनुमन्ता. अनुमती देणारा. प्रत्यक्ष मारणाऱ्याचा क्रमांक तिसरा लागतो. छंदाच्या सोयीसाठी तो शब्द आधी आला असेल, असे एखादा व्याकरणी म्हणेल. असेना का. सोयीने का होईना, पण बसला तो योग्य जागी. आपल्या दैनंदिन कामकाजात जिला आपण ‘मान्यता’, ‘मंजुरी’, ‘हरकत नाही’ असे म्हणतो, तिला त्या जुन्या मंडळींनी कृतीच मानले होते. कृतीची पूर्वतयारी नव्हे.

यावर एक आक्षेप सहज येईल. बंधाऱ्यासारखी गोष्ट एका सहीने होत नाही. सर्वेक्षण करणारे, आराखडा काढणारे, पैसा देणारे, विधिमंडळात मान डोलावणारे, अशा शेकडो हातांतून ती जाते. मग एकेकाच्या वाट्याला दोष येऊन येऊन किती येणार? आक्षेप हिशेबी आहे, आणि हिशेबाच्या वहीत तो बरोबरही उतरेल. पण वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, तिच्यात हाच हिशेब उलट बाजूने मांडलेला आहे. वाल्या घरी जाऊन विचारतो की, माझ्या पापाचे वाटेकरी कोण? आणि ज्यांनी रोज त्याच्या मिळकतीचे अन्न खाल्ले, ते सारे हात झाडून मोकळे होतात. ही कथा आपण नेहमी वाल्याच्या बाजूने ऐकतो. त्याला उपरती झाली, रांजण भरले, तो ऋषी झाला. घरच्यांच्या बाजूने ती कोणी ऐकत नाही. त्या उत्तरानंतर ते जेवावयास बसले असतील का, आणि घास त्यांच्या घशाखाली उतरला असेल का, हे कथेत नाही. लोकटाकवरचा कोळी इंफाळच्या दिव्यांना, आणि इंफाळच्याच का, त्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक पंख्याला हाच प्रश्न विचारू शकतो.

अज्ञानाचे काय? बंधारा उभा राहिला तेव्हा माशाचा विचार करणे हे कायद्याने कोणावर बंधनकारक नव्हते. प्रकल्पांचा पर्यावरणावरील परिणाम तपासण्याची सक्ती आपल्याकडे १९९४ साली आली. जे ठाऊक नव्हते त्याबद्दल माणसास दोषी कसे धरावे? हा युक्तिवाद आम्ही हलका मानीत नाही. पण अज्ञानाचेही दोन प्रकार असतात. जगात कोणालाच ठाऊक नाही असे अज्ञान हा एक. आणि शेजारच्या माणसास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण त्यास विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही, हा दुसरा. पेंगबा कोणत्या पाण्याने चढतो हे सरोवरावरच्या माणसांना ठाऊक होते. त्यावर त्यांचे पोट होते. इंफाळच्या इमा कैथेलमध्ये, त्या आयांच्या बाजारात, मासळी मांडून बसणाऱ्या बायकांना ते ठाऊक होते. त्याशिवाय १९७५ साली गंगेवर फराक्का येथे बंधारा झाला तेव्हा अलाहाबादपर्यंत चढणारा हिल्सा खालीच अडला, हे उदाहरण इथाईच्या आधी आठ वर्षे देशासमोर होते. पाटणा-प्रयागकडे नोकरी केलेल्या जुन्या मंडळींनी ही गोष्ट तिकडच्या कोळ्यांकडून ऐकलीही असेल.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिरास तीन माशांची गोष्ट सांगतात. पंचतंत्रातही ती आहे. एका उथळ तळ्यात तीन मासे राहत. कोळ्यांनी वाटा फोडून तळ्याचे पाणी बाहेर काढावयास सुरुवात केली. पुढचे ओळखणारा अनागतविधाता प्रवाहाबरोबर आधीच निघून गेला. प्रसंगी युक्ती सुचणारा प्रत्युत्पन्नमती, दोरीत ओवलेल्या माशांत आपणही ओवलेलो आहोत असे भासवून, मासे धुताना निसटला. चेंगट दीर्घसूत्री मेला. या कथेचे तात्पर्य राजाला दूरदृष्टी शिकविण्याचे आहे, आणि शेकडो वर्षे ते तसेच शिकविले गेले. आम्हांस मात्र लोकटाकच्या संदर्भात ही कथा वाचताना एक गोष्ट खटकते. तिच्यात सारी परीक्षा माशांची होते. कोण शहाणा, कोण आळशी, कोणाला वेळेवर सुचले, हे सारे माशांना विचारले जाते. तळे फोडणाऱ्याला एकही प्रश्न नाही. तो जणू ऋतूसारखा येतो. सरोवराकाठच्या माणसांविषयी बोलताना आपलीही भाषा नकळत तशीच होते. त्यांनी वेळीच दुसरा धंदा पाहावयास हवा होता. त्यांनी सहकारी संस्था काढावयास हवी होती. त्यांनी मुलांना शिकवावयास हवे होते. पाणी कोणी चढविले हे वाक्यात येतच नाही.

तथापि कोळी निर्दोष आहे असा भाबडेपणाही आम्हांस करावयाचा नाही. गरिबी ही सबब असते. ती प्रत्येक वेळी पुरेशी सबब असतेच असे नाही. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पिलू येते, ते टाकून न देता बाजारात नेणारा माणूस उद्याच्या माशाची चोरी करतो, आणि ती तो आपल्याच शेजाऱ्याकडून करतो. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली सार्वजनिक कुरणाचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला: प्रत्येक जण आणखी एक गुरू सोडतो, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि झीज सर्वांची, शेवटी कुरणच संपते. हे खोटे नाही. पण हार्डिनच्या कुरणावर माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, ही त्यातली गोम. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० सालच्या आपल्या ग्रंथात जगभरची मासेमारीची पाणी, रानें आणि पाट तपासून दाखविले की, माणसे बोलतात, आपसांत नियम करतात, आणि पुष्कळदा ते शतकानुशतके पाळतातही. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामाबद्दल. तिने सांगितलेल्या अटींपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत: ज्यांना नियम लागू व्हावयाचा त्यांचा तो करण्यात हात असावा, आणि शिक्षा चढत्या पायरीने असावी. पहिल्या चुकीला घर जाळणे ही पायरी नव्हे.

आपल्या कोकणातला कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात लोटतो. सरकारने पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी घातली ती पुष्कळ नंतर; रूढी आधीची. तिच्या मुळाशी खवळलेल्या दर्याची भीती होती की माशाच्या विणीची जाणीव, याचा वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही असतील. महत्त्वाचे हे की, ती बंदी सर्व होड्यांना सारखी होती. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातील काही ठरावीक दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा आहे. बावीसशे वर्षांहून जुनी ही आज्ञा वाचताना आम्हांस त्याचा पहिला शिलालेख आठवतो. तीत तो आधी स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो: पूर्वी तेथे रोज असंख्य प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणही नेहमी नव्हे, आणि पुढे हेही मारले जाणार नाहीत. राजाने आपल्या ताटातले आकडे दगडावर कोरून ठेवले, आणि मासे धरणाऱ्याला दिवस ठरवून दिले ते त्यानंतर. २००६ च्या कायद्याने आथाफुमला मर्यादा घातली. बंधाऱ्याच्या ताटाला अशी मर्यादा त्याच दगडावर कोरली गेली असती तर सरोवरावरच्या माणसाने ती वेगळ्या डोळ्यांनी वाचली असती.

नुकसान भरून काढले ना, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. सरोवरात आणि भोवतालच्या तळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे बंदिस्त प्रजनन साधले, तेव्हापासून हे तंत्र देशभर पसरले आणि कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा गेला. ते उपकार लहान नव्हेत. त्याच विद्येने पेंगबाही तळ्यात वाढू लागला आहे आणि जात म्हणून तो वाचला आहे. याशिवाय आंध्रातील तळ्यांत वाढलेला मासा बर्फात घालून इंफाळच्या बाजारात येतो. मग वजनाच्या हिशेबाने कमी काय पडले? वजनाच्या हिशेबाने, कदाचित, काहीच नाही. परंतु एका माशाच्या जागी दुसरा मासा ठेवला की पहिल्याचे देणे फिटते, हे मानावयास आम्ही तयार नाही. तळ्यातला पेंगबा हा पेंगबाच आहे. पण ब्रह्मदेशातून डोंगरांच्या पायथ्याने प्रवाहाविरुद्ध चढून येणे आणि त्या येण्यावर एका खोऱ्याचे पंचांग चालणे, हे त्याच्या शरीरात मावणारे नव्हते. शिवाय तळे कोणाच्या तरी मालकीचे असते. सरोवरातला मासा जाळे असलेल्या विधवेचाही होता.

आपल्या पेशाची एक खासगी गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बदली ही मोठी सोयीची संस्था आहे. माणूस सही करतो आणि तीन वर्षांनी गाव सोडतो. सहीचे फळ चौथ्या वर्षी पिकते, आणि ते चाखावयास दुसराच कोणी तेथे येऊन बसलेला असतो. तो म्हणतो, हे माझ्या आधीचे आहे. तो खोटे बोलत नाही. अशा रीतीने कर्म एका जागी राहते, कर्ता दुसऱ्या जागी जातो, आणि दोघांची गाठ पडू नये याची व्यवस्था सामान्य प्रशासन विभाग आपोआप पाहतो.

‘माझ्या आधीचे’ हे उत्तर इथाईच्या बाबतीत मात्र नीट लागू पडत नाही, आणि आमच्या मते या सर्व प्रकरणातील खरी मेख तेथे आहे. बंधारा १९८३ साली पुरा झाला हे खरे. पण बंधाऱ्याला दरवाजे असतात, आणि दरवाजा ही वर खाली होणारी वस्तू आहे. धरण बांधण्याचा निर्णय एकदाच झाला. पाणी कोणत्या पातळीवर ठेवावयाचे, हा निर्णय मात्र रोज होतो. दरवाजा बंद आहे, कारण काल बंद होता, आणि काल बंद होता कारण परवा होता. तरीही आज तो बंद ठेवणारा कोणीतरी आज कामावर आलेला असतो. दरवर्षी फाल्गुन-चैत्रात काही आठवडे पाणी उतरू दिले, तर फुमदी तळाला टेकेल काय, काठची जमीन किती उघडी पडेल, वीज किती युनिटांनी घटेल, आणि ती घट कोणी सोसावयाची, हे सारे मोजता येण्याजोगे प्रश्न आहेत. बंधारा काढून टाका अशी मागणी मणिपुरात आहे. ठेवा असे म्हणणारेही आहेत. या दोन टोकांच्या मध्ये, दरवाजे केव्हा नि किती उचलावयाचे हा जो रुंद पट्टा आहे, त्यावर बसून बोलावयास अभियंता, मत्स्यशास्त्रज्ञ आणि होडीतला माणूस यांना एका चटईवर आणणे हे कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या अधिकारकक्षेत निश्चित येते. पेंगबा त्याने परत येईल, असे वचन कोणी देऊ नये; एका सरोवराच्या पाण्याने चिंदविनपर्यंतची वाट दुरुस्त होत नाही. पण केइबुल लामजाओ येथील फुमदी, जी तळाचे पोषण न मिळाल्यामुळे पातळ होत चालली आहे आणि जिच्यावर त्या हरणांचे खूर टिकावयाचे आहेत, तिला तो प्रश्न यंदाच्या उन्हाळ्याचा आहे.

पातळीची नोंद रोज होते, हे सरकारी कामाची माहिती असणाऱ्यास सांगावयास नको. एका रकान्यात पाणी, एका रकान्यात वीज. माशाचा रकाना आखावयाचा झाला तर त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. एक पट्टी आणि एक पेन्सिल पुरेल. मग त्यात काय भरावयाचे हे विचारण्यासाठी मात्र सेंद्राच्या टेकडीवरून खाली उतरून होडीत बसावे लागेल, आणि होडीतल्या माणसाने मागचे सगळे आठवून बोलावयाचे ठरविले, तर ते ऐकून घेण्याइतका वेळ काढून जावे लागेल.